ग्रामपंचायतीच्या कामाचा आढावा : मोजमाप शेवटच्या नळावर

बेळगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलं आहे : चार गावांची मिळून एक पंचायत, साधारण चौदाशे घरं. मासिक सभेत पाणी, कचरा, दिवे, दाखले यातला कुठलाही विषय काढला की "काम चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. कागदावर सगळं व्यवस्थित, गल्लीत मात्र तक्रारी. पंचायतीच्या कामगिरीवर लक्ष ठेवायची काही ठरलेली पद्धत असते का, आणि पहिल्यांदाच निवडून आलेली एकटी सदस्या त्यात काय करू शकते?

ताई, पद्धत असते आणि तिची साधनं कायद्यानं तुमच्या हातात दिलेली आहेत. अडचण वेगळीच आहे. पंचायतीत आकड्यांची कमतरता नसते. पंचतंत्र या पंचायतीच्या संगणक प्रणालीत जमाखर्च भरला जातो, जलजीवन या घरोघरी नळाच्या योजनेची माहिती वेगळी जाते, रोजगार हमीची वेगळी, कचऱ्याची आणखी वेगळी. हे सगळं तालुक्याला, जिल्ह्याला, बेंगळूरला जातं आणि सदस्यांसमोर परत येत नाही. शिवाय यातले बहुतेक आकडे सेवा जिथून सुटते तिथे घेतलेले असतात : टाकी किती वेळा भरली, गाडीच्या किती फेऱ्या झाल्या, किती दाखले दिले. तक्रार उठते ती सेवा जिथे पोचायला हवी तिथून. त्यामुळं सभेत दोन्ही बाजू खरं बोलत असतात आणि तरीही मेळ बसत नाही. वॉटरमन म्हणतो टाकी भरली, ते खरं. शेवटच्या गल्लीतली बाई म्हणते घागर भरली नाही, तेही खरं. आढावा म्हणजे ही दोन टोकं जोडणं, आणि त्यासाठी मोजमाप शेवटच्या घरापाशी घ्यावं लागतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बघा. तुमचं पाणी पंचायतीच्या स्वतःच्या बोअरचं किंवा विहिरीचं आहे, की बहुग्राम योजनेतून, म्हणजे अनेक गावांना मिळून असलेल्या योजनेतून येतं? बहुग्राम योजना असेल तर गावच्या टाकीपर्यंतचं पाणी तुमच्या हातात नाही, टाकीपासून पुढचं आहे. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवला नाही तर प्रत्येक वेळी दोष "वरून पाणी कमी आलं" यावर जातो. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, पूर्णवेळ तुमच्याच पंचायतीला आहेत, की त्यांच्याकडे दुसऱ्या पंचायतीचाही कार्यभार आहे? दोन पंचायती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून वीस तक्त्यांची अपेक्षा धरू नका, एक कागद मागा. हिंडलगा, कंग्राळी अशा शहराला चिकटलेल्या गावांत नवीन वसाहती इतक्या वेगानं वाढतात की घरांची यादीच जुनी निघते. खानापूरच्या पश्चिमेला विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते ही मुख्य अडचण. म्हणून दुसऱ्या पंचायतीचा तक्ता जसाच्या तसा उचलू नका.

आणखी एक सावधगिरी. मराठीत माहिती शोधली की समोर येते ती महाराष्ट्राची. ग्रामसेवक, सरपंच, आपले सरकार, तिथले नमुने. आपल्याकडं कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज कायदा, १९९३ चालतो. अध्यक्ष, पीडीओ, सकाल (सेवाहमी), ई-स्वत्तू (मालमत्तेच्या उताऱ्यांची संगणकीय नोंद) ही इथली व्यवस्था आहे. महाराष्ट्रातल्या कलमाचा हवाला देऊन अर्ज केला तर तो पहिल्याच टेबलावर अडकतो आणि मुद्दा बरोबर असूनही वेळ वाया जातो.

कायद्यातल्या आणि नियमांतल्या आढाव्याच्या जागा थोडक्यात सांगतो. वॉर्ड सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून निदान एकदा. पंचायतीच्या तीन स्थायी समित्या : सामान्य, वित्त-लेखापरीक्षण-नियोजन आणि सामाजिक न्याय. शाळा, अंगणवाडी, आरोग्य, शेती, हेस्कॉम (वीज कंपनी) या खात्यांना पंचायतीसमोर बसवणारी केडीपी सभा, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाची आढावा सभा. रोजगार हमीचं सामाजिक लेखापरीक्षण. राज्य लेखापरीक्षण खात्याची हिशेब तपासणी. आणि दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात होणारी जमाबंदी, ज्यात मागच्या आर्थिक वर्षाची कागदपत्रं आणि कामं लोकांसमोर तपासायची असतात. या सगळ्या जागा पैसा कुठे गेला हे चांगलं विचारतात. सेवा मिळाली का हे त्यांतून आपोआप बाहेर येत नाही, ते तुम्हाला महिन्याच्या महिन्याला गोळा करून तिथं घेऊन जावं लागतं.

सुरुवातीला सेवा चारच घ्या : पाणी, तक्रारी, दाखले-उतारे, दिवे आणि कचरा मिळून एक. मी पाण्यावर जास्त लिहितो, कारण पाण्याची पद्धत एकदा बसली की बाकीच्या तिच्याच अंगानं जातात.

गावात टाकीनुसार भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागात तीन नळ निवडा : टाकीजवळचा, मधला आणि सगळ्यात लांबचा किंवा सगळ्यात उंचावरचा. ती तीन घरं वर्षभर बदलायची नाहीत. नळ थेट लाइनवरचा हवा, छतावरच्या टाकीतून येणारा चालणार नाही. पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी २० लिटरची बादली लावायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. सुटल्याची आणि बंद झाल्याची वेळ त्या घरच्या बाईनंच लिहून ठेवायची. महिन्यातून दोनदा, आधी न सांगता.

हिशेब असा. टाकीजवळच्या नळाला बादली ८० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. पाणी ४० मिनिटं आलं तर ६०० लिटर. घरात पाच माणसं, म्हणजे माणशी १२०. पाणी दिवसाआड येत असेल तर रोजचे माणशी ६०. जलजीवनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे, म्हणजे हे घर पास. आता शेवटचा नळ. बादलीला चार मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर, ४० मिनिटांत २००, माणशी ४०, दिवसाआड धरून रोजचे २०. त्याच भागाची टाकी समजा एक लाख लिटरची आहे आणि लोक आठशे. दिवसाआड टाकी रिकामी होते, म्हणजे कागदावर माणशी रोज साधारण ६२ लिटर. वर पाठवलेल्या माहितीत गाव उत्तम दिसतं आणि शेवटच्या गल्लीत माणशी २० लिटर. सरासरी काढली की ही गल्ली गायब होते. म्हणून तक्त्यात तिन्ही नळ वेगळे लिहायचे आणि निकाल शेवटच्या नळावर लावायचा.

या तीन आकड्यांतून दोष कुठं आहे तेही कळतं. पहिला आणि शेवटचा दोन्ही नळ कमी असतील तर गडबड उगमाकडं आहे : बोअर खाली गेला, पंप थकला, वीज कमी मिळाली किंवा टाकी अर्धीच भरून सोडली. पहिला नळ चांगला आणि शेवटचा कमी असेल तर गडबड वाटपात. तिथं बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत : मध्येच लाइनवर लावलेल्या मोटारी, तोटी नसलेले नळ, अर्धवट उघडणारा व्हॉल्व्ह, आणि मूळ लाइन तीन इंची असताना नवीन वसाहतीला दीड इंची पाइपानं पुढं वाढवलेली जोडणी. हे शेवटचं कारण शहरालगतच्या गावांत फार असतं. आराखड्यात नसलेली चाळीस घरं त्या पाइपावर चढलेली असतात आणि शिव्या खातो वॉटरमन. शेवटचा नळ कित्येक महिने ठीक होता आणि अचानक पडला, तर गळती किंवा व्हॉल्व्हचा बिघाड.

गळती आहे की नाही हे रात्री तपासता येतं. टाकी भरून बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि तासाभरानं पातळी बघायची. उतरली तर टाकीच गळते किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. पातळी स्थिर राहिली तर तो व्हॉल्व्ह उघडून गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे आणि पुन्हा तासभर थांबायचं. आता जे उतरेल ते टाकी आणि गल्ल्यांच्या मधल्या लाइनचं. चार मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण १२५ लिटर गेले. तासात पाच सेंटिमीटर उतरत असतील तर सव्वासहाशे लिटर जमिनीत मुरतात. या चाचणीला खर्च काही नाही, एक मोजपट्टी आणि दोन माणसं लागतात.

पाण्याच्या शुद्धतेचंही मोजमाप शेवटच्याच नळाला. क्लोरोस्कोपच्या (क्लोरीन तपासायच्या संचाच्या) नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात ओटी या रसायनाचे थेंब, आणि पिवळा रंग लगेच पट्टीशी ताडून बघायचा. उशीर केला की रंग गडद होत जातो आणि आकडा खोटा चांगला येतो. शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक हवं. ब्लीचिंग पावडरचा ढोबळ हिशेब हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम, आणि पावडर घातल्यावर निदान अर्धा तास पाणी टाकीत थांबायला हवं. पण हा आकडा ताज्या पावडरीचा आणि स्वच्छ पाण्याचा. खानापूर भागात जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर लवकर मरतो, आणि नेमकं तेव्हाच पाणी गढूळ असल्यानं क्लोरीन जास्त लागतं. म्हणून "पावडर टाकली" ही नोंद पुरेशी धरू नका, नळावरचा रंग धरा. जलजीवनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत आणि किट कुणाच्या कपाटात आहे, हा पहिल्या सभेतला प्रश्न करा.

पाण्याचा एक आकडा मात्र पंपाजवळच मिळतो आणि तो फार उपयोगी आहे : हजार लिटरला किती युनिट वीज लागली. हेस्कॉमच्या बिलावर युनिट असतात. पाण्याचा मीटर नसेल तर रिकामी टाकी भरायला किती तास लागतात यावरून लिटर काढा. पाच एचपीचा पंप तासाला साधारण चार-पाच युनिट घेतो. तो तासाला दहा हजार लिटर देत असेल तर हजार लिटरला अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर. हा आकडा किती असावा हे बोअरच्या खोलीवर ठरतं, म्हणून शेजारच्या गावाशी तुलना करू नका, स्वतःच्याच मागच्या महिन्यांशी करा. हळूहळू चढत गेला तर पंप झिजतोय किंवा पाण्याची पातळी खाली जातेय. एकदम चढला तर पंप ते टाकी या लाइनमध्ये फूट. पंप जळायच्या आधी महिना-दोन महिने हा आकडा सांगत असतो. एप्रिलमध्ये पंप जळून गाव चार दिवस टँकरवर जाणं यातून पुष्कळदा टळू शकतं.

इथपर्यंतची पाण्याची बेरीज सांगायची तर प्रत्येक भागाला तीन नळांचे लिटर, शेवटच्या नळाचं क्लोरीन, आणि हजार लिटरला युनिट. एवढंच. चार गावांचं मिळून अर्ध्या पानात बसतं.

आता तक्रारी. बहुतेक पंचायतींत तक्रार तोंडी होते, कट्ट्यावर, सदस्याच्या दारात किंवा व्हॉट्सअपवर, आणि नोंदवहीत येते ती फार थोडी. मग वहीत महिन्याला सात तक्रारी आणि सातही निकाली असं दिसतं. तुम्ही एक करा : कुठूनही आलेली तक्रार त्याच दिवशी वहीत, क्रमांकासह. रकाने एवढेच हवेत : तारीख, ठिकाण (घर किंवा खांब क्रमांक), काय, कुणाकडं दिली, कधी झाली, आणि तक्रारदाराची सही किंवा फोनवर विचारल्याची नोंद. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. काम करणाऱ्यानं "निकाली" लिहायचं नाही, ज्याची तक्रार होती त्यानं म्हणायचं. शहरांसाठी केंद्राच्या मापदंडात पाण्याच्या ८० टक्के तक्रारी २४ तासांत मिटाव्यात असं प्रमाण आहे. गावाला ते जसंच्या तसं बंधनकारक नाही, पण डोळ्यासमोर ठेवायला चांगलं.

तक्रारी कमी झाल्या म्हणजे काम सुधारलं असं लगेच समजू नका. सांगून काही होत नाही हे एकदा पटलं की लोक सांगणं सोडतात. नोंद नीट सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने आकडा वाढतो, तो वाढायलाच हवा, आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांना बोल लावायचा नाही हे अध्यक्षांशी आधीच बोलून घ्या. संख्येपेक्षा ठिकाणं बघा. एकाच गटारीची तक्रार महिन्यात तीनदा आली आणि तिन्ही वेळा गाळ काढून निकाली झाली, तर तिथं गाळाचा प्रश्नच नाही. उतार चुकला आहे किंवा पुढं कुणीतरी गटार बुजवली आहे. त्याला मजूर पाठवून उपयोग नाही, इंजिनिअरला बोलवावं लागतं.

दाखले आणि उताऱ्यांना सकालचा आधार आहे. कर्नाटकचा हा सेवाहमी कायदा २०११ चा, अंमल २०१२ पासून. यादीतल्या प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले असतात, अर्ज घेताना त्या अर्जाच्या १५ आकडी (जीएससी) क्रमांकाची पोच मिळते, आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपयांप्रमाणे जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई अर्जदाराला मागता येते. वर जाणाऱ्या अहवालात बहुधा वेळेत दिलेल्या सेवांची टक्केवारी छान दिसते. ती छान कशी दिसू शकते ते बघा. अर्ज साध्या कागदावर ठेवून घ्यायचा, पोच द्यायची नाही, काम जवळजवळ झालं की मग संगणकात नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशी "दोन दिवसांत सेवा". दुसरा प्रकार म्हणजे मुदत संपायच्या आदल्या दिवशी "कागदपत्रं अपुरी" म्हणून अर्ज फेटाळायचा. फेटाळलेला अर्जही वेळेत निकाली धरला जातो.

तपासायची रीत सोपी आहे. महिन्याचे दहा अर्ज काढा आणि अर्जावरची तारीख आणि संगणकातल्या नोंदीची तारीख शेजारी शेजारी लिहा. मधले दिवस हाच खरा उशीर. फेटाळलेल्या अर्जांची संख्या आणि कारणं वेगळी मागा. ई-स्वत्तूच्या उताऱ्यांत हे जास्त आढळतं, कारण मोजणी, जुनी नोंद, भावकीची हिस्सेवाटणी यातलं काहीतरी अडलेलं असतंच. तिथं कर्मचाऱ्याचा दोष किती आणि अर्जदाराच्या कागदांचा किती हे कारणांच्या यादीतूनच कळतं. एकच कारण वारंवार येत असेल तर लागणाऱ्या कागदांची यादी दारावर मराठी-कन्नडमध्ये लावा. अर्धे हेलपाटे तिथंच वाचतात.

दिवे आणि कचरा यावर फार लिहीत नाही. प्रत्येक खांबाला रंगानं क्रमांक घाला, आठवड्यातून एका रात्री एका सदस्यानं किंवा तरुण मंडळाच्या पोरांनी फेरी मारून बंद दिव्यांचे क्रमांक लिहायचे, आणि पुढच्या फेरीत त्यातले किती लागले ते बघायचं. दिवसा जळणारे दिवेही लिहा, ते बिलात जातात. दुरुस्तीचं काम ठेक्यानं दिलं असेल तर बिलाला ही यादी जोडल्याशिवाय पैसे नाहीत असा ठराव करून घ्या. कचऱ्यात फेऱ्या मोजू नका. एका गल्लीतल्या लागोपाठच्या तीस दारांत गाडी आल्यावर उभं राहा, किती घरांनी कचरा दिला आणि किती घरांनी ओला-सुका वेगळा दिला ते मोजा. दर महिन्याला गल्ली बदला. गाडी चालवणाऱ्या बचत गटाच्या बायकांना विचारलं तर कुठल्या गल्लीत गाडी शिरत नाही आणि का, हे त्या नेमकं सांगतात.

सभेतला भाग इथून पुढं. एक पानी तक्ता करा, दहा-बारा ओळींचा. प्रत्येक ओळीला प्रमाण काय, मागचा महिना किती, हा महिना किती. वर्ष झाल्यावर मागच्या वर्षीचा तोच महिना असा रकाना वाढवा. आपल्याकडं एप्रिल आणि जुलै ही दोन वेगळी राज्यं आहेत, एप्रिलची तुलना एप्रिलशीच करायची. प्रमाणापेक्षा खाली असलेल्या ओळी लाल. चर्चा फक्त लाल ओळींवर, आणि प्रत्येक लाल ओळीपुढं पाच गोष्टी लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही : कारण, उपाय, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, पैसे कुठल्या हेडमधून. पुढची सभा याच पाच रकान्यांपासून सुरू करायची. "काम चालू आहे" या उत्तराला या तक्त्यात जागाच नसते, कारण तिथं तारीख लिहायची असते.

पैशांच्या रकान्याला बहुतेक वेळा "निधी नाही" येईल. तेव्हा बांधील निधी, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचा निधी, बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के रक्कम बांधील होती, अर्धी स्वच्छतेला, अर्धी पाण्याला. व्हॉल्व्ह, गळती दुरुस्ती, लाइन वाढवणं यांना अशा रकमेतून वाट असते, अट एवढीच की काम वार्षिक आराखड्यात असावं. म्हणून हिवाळ्यातच, आराखडा ठरण्याआधी, वर्षभरातल्या लाल ओळींची यादी वॉर्ड सभेत वाचा. माणशी २० लिटर हा आकडा सांगून मागितलेली लाइन आणि "आमच्या गल्लीला पाणी द्या" म्हणून मागितलेली लाइन यात ठराव लिहिताना फार फरक पडतो. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी, वसुली, बाकीही याच पानावर एका ओळीत ठेवा. बिल कलेक्टरकडं ती तयार असते.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात टाळून चालत नाही. ठरावबुक कन्नडमध्ये असतं, आणि सभेत मराठीत बोललेलं तिथं उतरताना पुष्कळदा "चर्चा झाली" एवढंच उरतं. यावर भांडण उभं करण्यापेक्षा तक्ताच द्विभाषिक करा. आकडे तेच, मथळे दोन्ही भाषांत. सभेनंतर तो ठरावाला जोडायची लेखी विनंती द्या, म्हणजे बोललेलं गळलं तरी आकडे राहतात. ग्रामसभेत ठराव लिहून झाल्यावर तो मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा आणि मग सह्या. गाऱ्हाण्याच्या अर्जाबाबत घटनेचं ३५० वं कलम स्पष्ट आहे : संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठीत द्या, सोबत चार ओळींचा कन्नड गोषवारा जोडा. हक्क सोडायचा नाही आणि वाचणाऱ्याचं कामही अडवायचं नाही, हा दोन्हीचा मेळ मला सगळ्यात फळदायी वाटतो.

ही पद्धत मोडते कुठं तेही सांगतो. पहिलं, मोजणारा आणि काम करणारा एकच असतो. वॉटरमननंच नळ मोजले तर आकडे गोड येणारच, त्यात त्याचा स्वभाव काढायचं कारण नाही. दुसरं, खरा आकडा सांगितल्याबद्दल त्याच सभेत कुणाला तरी झापलं जातं. पुढच्या महिन्यापासून तक्ता हिरवागार होतो आणि कायमचा निरुपयोगी होतो. वॉटरमनला लाल ओळीचं कारण विचारा, तो व्हॉल्व्ह कुठला अडतो हे हातावरच्या रेषेसारखं जाणतो. तिसरं, सुरुवातीलाच चाळीस ओळी केल्या जातात आणि तिसऱ्या महिन्याला कुणी भरत नाही. चौथं, आकडा एका गटाच्या वॉर्डातलाच घेतला जातो आणि तक्ता राजकारणाचा होतो. म्हणून नळांची निवड सगळ्या गावांच्या सदस्यांसमोर करा आणि दुसऱ्या गटाच्या सदस्याला तुमच्या गावातले नळ मोजायला बोलवा.

तुम्ही शहरात असता तर हेच काम थोडं वेगळं झालं असतं. बेळगाव महापालिकेचे ५८ वॉर्ड, स्थायी समित्या, निपाणीची नगरसभा, यांना केंद्रानं २००८ मध्ये आणलेले २८ सेवा मापदंड लागू होतात : पाणी, सांडपाणी, घनकचरा, पावसाळी निचरा. पाण्याचं प्रमाण तिथं माणशी १३५ लिटर, गळती आणि हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या आत, पाणी साचण्याची ठिकाणं शून्य. त्या मापदंडातली एक गोष्ट गावानंही उचलावी : प्रत्येक आकड्याला अ ते ड अशी विश्वासार्हतेची श्रेणी. मीटरनं मोजलेलं वरच्या श्रेणीत, अंदाजानं लिहिलेलं शेवटच्या. तुमच्या तक्त्यात आकड्यापुढं फक्त "मोजलं" किंवा "अंदाज" असं लिहिलं तरी सभेतले निम्मे वाद मिटतात.

आता एकटीनं सुरुवात कशी करायची. पहिल्या महिन्यात कुणाचीही परवानगी न लागणारं काम करा : तुमच्याच वॉर्डातले तीन नळ, खांबांची फेरी आणि तक्रारींची वही. दुसऱ्या महिन्यात तो कागद पीडीओंना सभेआधी दोन-तीन दिवस दाखवा, सभेत अचानक काढू नका. आधी बघितलेल्या कागदावर अधिकारी उत्तर घेऊन येतो, अचानक काढलेल्या कागदावर बचाव. तिसऱ्या महिन्यात "सेवांचा मासिक तक्ता" हा विषय अजेंड्यावर घ्यावा असं लेखी पत्र अध्यक्षांना द्या आणि पोच घ्या. पंचायतीकडची माहिती सदस्याला बहुधा मागून मिळते. नाहीच मिळाली तर माहिती अधिकार आहे : १० रुपये, ३० दिवस, आणि कर्नाटकच्या नियमानं एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. दाखल्यांना एक अर्ज, वीजबिलांना दुसरा. पाच विषय एकत्र घातले की अर्ज परत येतो.

ऑगस्टमध्ये जमाबंदीची तारीख लागेल तेव्हा तोवरचे सगळे तक्ते एका पिनेत घेऊन जा. पथक मागच्या वर्षी बदललेल्या पाइपलाइनचं बिल काढेल. तुम्ही त्या लाइनच्या शेवटच्या नळाचे आधीचे आणि नंतरचे लिटर समोर ठेवा आणि ते जमाबंदीच्या अहवालात लिहून घ्या.